ज्या दिवशी बाल्याला ताक पाजलं

मेंढरं कातरायची म्हणजे आधी ती नदीवर नेऊन धुवायची, आणि मेंढरं धुवायची म्हणजे घरातल्या बायकांनी आदल्या दिवसापासून कंबर कसायची. पुरुष डोहात उतरून एकेक मेंढी बुचकळून काढत आणि ओल्या अंगानं मिरवत घरी येत, जणू लढाईच मारून आले. इकडे माय आणि मी दोघी मिळून वीस-बावीस माणसांच्या भाकरी थापायचो. मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात अंगणातल्या तीन दगडांवर शिजे. भावकीत दोन-तीन माळकरी होते, त्यांच्यासाठी येसराच्या पिठाची बिनमटणाची आमटी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पळीनं. चुकून पळी बदलली तर एक म्हातारबा दिवसभर रुसून बसत, आणि त्यांचा रुसवा काढण्याचं कामही आम्हां बायकांचंच असे.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून दोन कोसांवर. घरी दीडशेच्या आसपास मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. कातरणीला मजूर लावायची पद्धत नव्हती. आज आमच्याकडे, उद्या चुलत्यांकडे, परवा आणखी कुणाकडे, असं सगळे एकमेकांची मेंढरं कातरून देत. बदल्यात फक्त जेवण, आणि खरं सांगायचं तर पिणं. सकाळी ऊन चढायच्या आत लिंबाखाली माणसं गोलात बसत, एकेक मेंढी पायांत दाबून धरत आणि कातरींचा आवाज सुरू होई. कच्‌कच्‌ कच्‌कच्‌. त्या आवाजावर कोकरांचं ओरडणं. कातरून सोडलेली आई कोकराला ओळखू येत नसे. ते तिच्या अंगावरून वास घेत पुढं जाई आणि दुसऱ्याच मेंढीला ढुशी देई. दुपारपर्यंत सगळं अंगण या हुडकाहुडकीनं भरून जाई. मला लहानपणी त्याचं फार हसू यायचं.

आमच्या भावकीत एक रीत होती. पोरगं कातरणीच्या गोलात पहिल्यांदा बसलं की त्याच्या मामानं त्याला नवी कातर आणायची. त्या दिवशी त्यानं पहिली मेंढी एकट्यानं कातरली की मामानं आपल्या हातानं पेला भरून द्यायचा. पोरानं एक घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं, सगळ्यांनी हसायचं, की झालं पोरगं माणसांत जमा. उरलेला पेला मामाच संपवायचा. रीत एवढीच. पोरींसाठी अशी काही रीत नव्हती. आम्ही कधी माणसांत जमा झालो ते कुणी पाहिलं नाही.

माझा भाऊ बालाजी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तेव्हा तो सतरा-अठराचा, मी दहावी नापास होऊन घरी बसलेली, लग्नाची वाट बघणारी. घरात सगळे त्याला बाल्या म्हणत. उंचीनं माझ्या डोक्यावर गेला होता, पण भाकरी वाढताना अजूनही म्हणे, "अक्का, पापुद्रा मला दे." दारूच्या थेंबाला कधी शिवला नव्हता. मेंढरांच्या मागं दिवस दिवस रानात राहायचा आणि आला की बडबड करायचा. त्याची बडबड थांबवायला मी त्याला रागवायचे, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि आमचा बा. बा म्हणजे पंचक्रोशीतला मेंढरांचा वैद्य. ओली ज्वारी खाऊन मेंढीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, की लोक बाकडे धावत येत. वेळूचं एक हातभर लांब, तिरकं छाटलेलं नळकांडं त्यानं घरी करून ठेवलं होतं. ताकात हिंग आणि गोडंतेल कालवायचं, नळकांडं मेंढीच्या गालात घालायचं आणि हळूहळू ओतायचं. मी लहानपणापासून मेंढीचं डोकं धरायला असे. बा दर वेळी सांगे, "पडलेल्या जनावराला पाजायचं न्हाई. आधी उभं करायचं. उभं जनावर गिळतंय." त्याच्या हातून मेंढी सहसा दगावत नसे. मग लोक दारू चढलेली माणसंही आणू लागले. बा त्यांनाही तेच ताक पाजी आणि ती माणसं संध्याकाळी उठून घरी जात. ती निम्मी शुद्धीवर असायची, घोट घोट गिळायची. ताक पाजलं नसतं तरी ती उठलीच असती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

त्या वर्षी मामा नवी कातर घेऊन सकाळीच आला. मामा म्हणजे मायचा पाठचा भाऊ, तिचा जीव की प्राण. तो आला की माय चुलीपुढूनही गाणं गुणगुणायची. येताना त्यानं हातभट्टीचा डबाही आणला होता. बाल्यानं पहिली मेंढी कातरली, दोन ठिकाणी कातडी कापली पण कातरली. मामानं पेला भरला. बाल्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, सगळे हसले. इथंच थांबायचं होतं. पण गोलातलं कुणीतरी म्हणालं, "मेंढी पुरी कातरली आन्‌ पेला अर्धा?" बाल्याला ते लागलं. त्यानं पेला रिकामा केला. दुसरी मेंढी झाली, मामा हसत म्हणाला, "मेंढरामागं एक, भाच्या!" आणि बाल्यानं दुसराही एका दमात घेतला. त्याला घाई कातरायची होती की प्यायची, कोण जाणे. तास-दीड तासात पाच मेंढरं, पाच पेले. पोटात सकाळपासून काही नाही, कारण शेवटची मेंढी झाल्याशिवाय गोलातला कुणी जेवत नसे.

तिसऱ्या पेल्याला मी पाण्याची कळशी घेऊन तिथंच उभी होते. बाल्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला आणि मी हसले. माय चुलीपाशी होती, तिला काही दिसलं नाही. मला दिसलं आणि मी हसले. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहून ठेवते.

पाचव्या मेंढीनंतर तो उभा राहिला आणि तसाच कलंडला. मोठा हशा झाला. दोघांनी उचलून त्याला लोकरीच्या ढिगावर उताणा टाकला. जराशानं त्याला थोडी उलटी झाली, ती मी पदरानं पुसली. मग तो घोरायला लागला. असा घोरला की म्हातारबा म्हणाले, हा आता उद्याच उठतो. मी बाला म्हटलं, "बा, याचे पाय गार लागून राहिले." कातर न थांबवता बा म्हणाला, "घोरून राहिला ना? मंग झोप लागली त्याला. झोपू दे लेकराला."

घोरतो म्हणजे झोपला, आणि झोपला म्हणजे उतरेल. आमच्याकडे सगळ्यांचं हेच गणित होतं, आणि आजही आहे. मी अंगणवाडीत पंचवीस वर्षं काढली. आयांना, सासवांना, कधी रस्त्यावर गाठून त्यांच्या नवऱ्यांना सांगत आले की बेशुद्ध माणसाचं घोरणं म्हणजे झोप नव्हे, ती अडकणाऱ्या श्वासाची घरघर असते. बायका मान हलवतात. पुरुष म्हणतात, मॅडम, तुमाला काय कळतंय पिण्यातलं. अशा नुसत्या सांगण्यानं कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. तरी सांगते, कारण गप्प बसलं की ती दुपार डोळ्यांपुढं येते.

मी त्याच्याजवळ बसून राहिले. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की त्याचं घोरणं तुटतंय. एक घोर, मग काहीच नाही. मी वाट बघे. शेजारी मामाची कातर चालू होती, तिचा आवाज मी नकळत मोजायला लागले. दोन श्वासांच्या मध्ये कातर सहा वेळा वाजायची, मग आठ, मग बारा. मी त्याला चिमटा काढला, कानाशी ओरडले, गालावर मारलं. पापणी हलली नाही. भर चैतातल्या उन्हात त्याचं अंग गार आणि चिकट झालं होतं आणि ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. मी किंचाळले तेव्हा कातरी थांबल्या.

बा उठला. त्याचा चेहरा पाहून मला हायसं वाटलं, हे खरं आहे. बा उठला म्हणजे आता होईल, असं वाटलं. मायनं धावत ताक आणलं. बानं हिंग-तेल कालवलं. मामानं बाल्याला पाठीमागून टेकू देऊन बसता केला. त्याची मान एका बाजूला लोंबत होती. बा म्हणाला, "कौसे, डोकं धर." मी डोकं धरलं. मेंढीचं धरते तसंच, एक हात जबड्याखाली, एक कपाळावर. बानं नळकांडं गालात घातलं आणि ओतलं. पहिल्यांदा ताक ओठांवाटे बाहेर आलं. बानं मला डोकं आणखी मागं करायला सांगितलं. मी केलं. मग ताक आत गेलं. आतून गुरगुर असा आवाज आला, पाण्यात बुडणाऱ्या घागरीचा येतो तसा. बाचा हात तिथंच थांबला. बाल्या एकदा खोकल्यासारखा झाला, नाकातून फेस आला, आणि त्यानंतर तो घोरलाही नाही.

बाजेवर घालून त्याला सडकेपर्यंत नेला. गोरेगावहून सेनगावला जाणारी जीप समोरून आली. भरलेली होती, पण बाल्याला पाहून सगळी माणसं खाली उतरली. बा पुढं बसला, मी आणि मामा मागं. मामा सगळ्या वाटेनं एकच म्हणत होता, "भाच्या, डोळे उघड ना रे." सेनगावात थांबलोच नाही, तडक हिंगोलीला गेलो. तिथं दवाखान्यात डॉक्टरबाईंनी धावतपळत काम केलं. नाकाला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, घशात नळी घालून यंत्रानं ओढलं तर पांढरं पाणी यायला लागलं. मला खोलीच्या दारात उभं राहू दिलं होतं. दिवेलागणीच्या आधी त्यांनी यंत्र बंद केलं.

त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "याला काही पाजलं होतं का?"

"ताक," मी म्हटलं.

मग त्यांनी मला बाकावर बसवून सगळं सांगितलं. माणूस प्यायचा थांबला तरी पोटातली दारू रक्तात चढतच राहते, म्हणून झोपून उतरेल हे खरं नसतं. इतकी दारू एकदम गेली की मेंदू श्वास घ्यायचं विसरतो. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. त्याला पाणी, ताक, लिंबू, कॉफी काही म्हणजे काही द्यायचं नाही. बोटं घालून ओकायला लावायचं नाही, थंड पाणी ओतायचं नाही. कुशीवर वळवून ठेवायचं, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडते. अंगावर काहीतरी पांघरायचं, एकटं सोडायचं नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. मी विचारलं, "मामानं आणलेल्या दारूत काही कालवलेलं होतं का?" त्या म्हणाल्या, "तसं दिसत नाही. ती फक्त फार होती. त्यातूनही कदाचित निभावलं असतं. पण ताक छातीत गेलं." मग म्हणाल्या, "वडील बाहेर आहेत ना? मी सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "नका. मी सांगते."

बा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर केलेले. मी म्हटलं, "बा, दारूनं गेला. उशीर झाला." ते सांगणं मला सोपं गेलं आणि माझ्या मनात आलं की मी पुण्याचं काम केलं. माझेच हात त्या डोक्याला लागले होते, त्यांनाही त्यात झाकून घेतलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दारूनं गेला, म्हणजे मामानं मारला. मायनं दुसरा अर्थ लावलाच नाही. मामा बाराव्याला आला तर तिनं त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि म्हणाली, "माझं लेकरू खाल्लंस. तू मला मेलास." मामा खाली बघून उभा राहिला. त्याचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. पेले त्यानंच भरले होते. पण तो दर वर्षी दिवाळीला यायचा, अंगणाबाहेरच्या दगडावर बसायचा, आणि माय आतून कडी घालायची. मी मधे पडायला गेले की बा मला डोळ्यांनीच दटावे. पुढं मामानं दारू सोडली, मग यायचं सोडलं. मायचं गुणगुणणं तर त्याच दिवशी बंद झालं होतं. नंतर आमच्या घरी कातरणीला रस्सा शिजला, भाकरी झाल्या, माणसं जेवली, पण कुणी मोठ्यानं हसलं नाही.

माझं लग्न झालं, नरसीकडे सासरी गेले, दोन लेकरं झाली. मामा वारल्याचा सांगावा आला तेव्हा मी धावत माहेरी गेले. मायला म्हटलं, "चल ना, तोंड तरी पाहून ये." ती निवडणं करत होती. वर न बघता म्हणाली, "माझा भाऊ कवाच मेला." मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी माहेरी गेले असताना एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अंगणात ऑटो थांबला. शेजारच्या गावचे चौघे एका जावयाला घेऊन आले होते. आदल्या संध्याकाळपासून पीत होता, पहाटेपासून उठत नव्हता. त्यांनी त्याला लिंबाखाली उताणा टाकला. तो घोरत होता, तुटक तुटक. बा म्हातारा झाला होता, पण लोकांचा त्याच्यावरचा विश्वास काही म्हातारा झाला नव्हता. त्यानं ताक मागवलं. मायनं आणलं. बानं त्या माणसाची हनुवटी धरली.

मी लेकराला खाली ठेवलं आणि त्याचा हात धरला. "बा, पाजू नको."

"सरक," बा म्हणाला.

"बाल्या असाच गेला. ताक छातीत गेलं होतं त्याच्या. डॉक्टरबाईनं मला तवाच सांगितलं व्हतं." मी ओरडत होते, आणि मला थांबता येत नव्हतं. "आपण दोघांनी मारलं त्याला, बा. तू पाजलं आन्‌ मी डोकं धरलं."

मी त्या माणसाला कुशीवर वळवला, त्याचं तोंड पुसलं, मायची गोधडी ओढून त्याच्या अंगावर टाकली आणि त्या चौघांना म्हटलं, असाच कुशीवर धरून न्या, काही पाजू नका, हिंगोली येईपर्यंत कुठं थांबू नका. ते बाकडे बघत राहिले. बानं मान हलवली तेव्हा त्यांनी त्याला उचललं. तो माणूस वाचला. महिन्याभरानं कोंबडा घेऊन बाच्या पाया पडायला आला आणि येतानाही पिऊनच आला.

ऑटो गेल्यावर बा तसाच बसून होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला ठाऊक हाय, कौसे. तशी गुरगुर मी ऐकलेली हाय मेंढरांत. हात थांबला तवाच कळलं मला."

मी विचारलं, "मंग आता या माणसाला काहून पाजून राहिला होतास?"

"पाजायचं एकदम सोडून दिलं असतं," बा म्हणाला, "तर तुझ्या मायनं विचारलं असतं, काहून सोडलं म्हून."

मधल्या वर्षांत आणखी किती जणांना त्यानं पाजलं, त्यातले किती उठले, हे मी विचारलं नाही. माय आमच्या मागंच उभी होती. ताकाचं भांडं तिच्या हातात तसंच होतं. तिनं ते हळूच खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्यापुढं येऊन बसली. मला वाटलं आता मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तवापासून ठाऊक व्हतं तुला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन्‌ याला?"

"व्हय," बा म्हणाला.

तिनं आम्हां दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, दोन अनोळखी माणसं घरात आली असावीत तसं. रडली नाही. मग म्हणाली, "मी माझ्या भावाच्या मातीला गेले न्हाई, कौसे."